जाताजाता दाखवलेली गाठ

धुण्याचं बोचकं उचलायला मावशींनी हात वर केला आणि काखेजवळ पुन्हा तीच कळ आली.

सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांची एकोणीस वर्षं गेली होती. तिथल्या बायकांचा एक मान होता: दुखलंखुपलं तर रांगेत उभं राहायचं नाही. वॉर्डात चादरी पोचवताना सिस्टरला गाठायचं, पडद्याआड काय ते दाखवायचं. केसपेपर नाही, खाडा नाही. घरच्या माणसाला कसली आलीय रांग!

छातीतली गाठ मावशींनी अशीच दाखवली होती. सिस्टरने दोन बोटांनी चाचपली. “साधी असेल हो. दुखत नाही ना? मग कशाला जिवाला घोर?”

पुढे आणखी तीनदा विचारलं. दर वेळी “बघू या” वर भागलं. घाई कुणालाच नव्हती, गाठ मात्र वाढतच राहिली.

आता लेकीने त्यांना ओढतच रांगेत नेलं. धुलाईघरातली जोडीदारीण म्हणालीच, “काय गं, पाहुणी झालीस का इथली?”

गाठीचा तुकडा तपासून आला. तरुण डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, “कॅन्सर आहे, मावशी. पसरलाय. इतके दिवस होतात कुठे?”

“इथेच. तुमच्या चादरी धूत.”

“आधी दाखवल्याची नोंद नाही.” त्यांनी लिहिलं: रुग्ण उशिरा आली. “सही करा, म्हणजे ऑपरेशनची तारीख देते.”

मावशी अक्षराला अक्षर लावून वाचत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे खोडा. आठ महिन्यांपूर्वी दाखवलं होतं, इथल्याच वॉर्डात. तसं लिहा.”

शेजारी उभ्या असलेल्या त्याच सिस्टरचा चेहरा उतरला. “मावशी, माझ्या नोकरीवर येईल हो.”

“तुझ्यावर राग नाही गं पोरी. पण उद्या आमच्यातलीच दुसरी येईल चादरी घेऊन.”

“आई, कर ना सही!” लेक रडकुंडीला आली. “आता लिहून तुला काय मिळणार?”

“मला? काही नाही.”

मागची रांग कुरकुरू लागली. मावशी खुर्चीवरून हलल्या नाहीत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद ओढला. “महिना कोणता होता?”

“फेब्रुवारी,” सिस्टर म्हणाली. “गाठ मीच पाहिली होती.”

मावशींनी सही केली. तारीख पाच आठवड्यांनंतरचीच मिळाली.