बोटीच्या बुडाचा रंग

भगवंतरावांच्या वर्कशॉपमध्ये दीपमालाला बारा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. हिवरखेडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी आयटीआयचं वेल्डरचं प्रमाणपत्र घेऊन अकोल्यातल्या पाच दुकानांच्या पायऱ्या चढली, तेव्हा पाचही ठिकाणी तिला एकच विचारलं गेलं, की ऑफिसात बसायचं काम चालेल का. मूर्तिजापूरच्या भगवंतरावांनी काही विचारलं नाही. त्यांनी तिच्या हातात वेल्डिंगचा टॉर्च दिला, समोर पत्र्याचे दोन तुकडे ठेवले आणि म्हणाले, "जोडून दाखव."

अ‍ॅल्युमिनियमचं आर्गन वेल्डिंग त्यांनीच तिला शिकवलं. पत्रा कधी वितळणार हे रंगावरून कळत नाही, हाताला कळावं लागतं, असं ते सांगायचे. पुढे पुढे दुधाच्या टाक्या घेऊन अमरावतीहून माणसं येऊ लागली ती थेट दीपाबाईंना विचारत. भगवंतराव तेव्हा बाहेर खुर्चीवर बसून हसायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मग बोटींचं काम आलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका धरणात मच्छीमार संस्थेच्या तीन बोटी चालत. पलीकडच्या काठावर दोन वाड्या. तिथल्या लोकांना शाळा, दवाखाना, हिवरखेडचा बाजार, सगळं या पाण्यावरून. गावात त्यांना जर्मनच्या बोटी म्हणत, कारण आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. बोटी बारा महिने पाण्यात. त्यांच्या बुडाला शेवाळ धरे, त्यावर खरखरीत पापुद्रा चढे, आणि इंजिन नुसतं ओरडे, बोट पुढे सरकत नसे. दोन वर्षांपूर्वी दीपमालाने एका बोटीच्या मागच्या बाजूला नवा पत्रा जोडून दिला होता. या वेळी संस्थेला बुडं घासून, काही धरणार नाही असा रंग मारून हवा होता. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. आठ दिवसांत बोटी पाण्यात पाहिजेत, असा संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप होता.

भगवंतरावांनी रत्नागिरीच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो आयुष्यभर मासेमारीच्या लाकडी ट्रॉलरांना रंग मारत आलेला. त्याने लाल रंगाचे डबे पाठवून दिले. दोन वर्षं काही चिकटणार नाही, ही त्याची खात्री.

दीपमालाने डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. क्युप्रस ऑक्साइड. म्हणजे तांबं. शेवाळ मारतं ते तांबंच.

"काका, हा जर्मनवर नाई चालत," ती म्हणाली.

"कोण म्हणते?"

"डब्यावरच लिहून हाय. आन मी रंगाच्या दुसऱ्या एका कंपनीच्या इंजिनियरले फोन केला होता. तो म्हणे, तांबं नसलेला रंग घ्या. त्याच्या आधी एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पत्रा घासला का लगेच प्रायमर, नाईतर धरत नाई."

"आन तो रंग केव्हा येईन?"

"दहा-बारा दिवस लागते."

भगवंतरावांनी चष्मा काढून पुसला. "बोटीचं काम त्या माणसानं चाळीस वर्षं केलं. तू किती बोटी रंगवल्या?"

"एकबी नाई. पण मोटरच्या खांबावर पाहा नं तुमी. तांब्याची तार जर्मनच्या तारेले जोडली का सांधा सडतेच. पाणी लागलं का तांबं जर्मनले खाते. हे तं पुरं बूडच पाण्यात."

"मी अध्यक्षांले शब्द देऊन बसलो, दीपा."

एवढं म्हणून ते उठले. हा वाद मिटला असं त्यांच्या उठण्यातच होतं. तिसऱ्या दिवशी धरणाच्या काठावर तिन्ही बोटी उलट्या मांडल्या होत्या आणि दोन मजूर रोलरने लाल रंग ओढत होते. बुडं खरोखर देखणी दिसत होती. बोट चालवणारा बंडू हात मागे बांधून त्यांच्याभोवती फिरला आणि म्हणाला, "नवरीवानी सजवल्या, काका." दीपमाला पलीकडे इंजिनाच्या पट्ट्या कसत होती.

पण तिने एक केलं. बोटीच्याच जाडीच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीवर तोच लाल रंग मारला. दुसरीवर तांबं नसलेला, तो तिने नमुन्याच्या छोट्या डब्यातून स्वतः मागवला होता, खाली प्रायमर देऊन. दोन्हींवर खिळ्याने एकेक ओरखडा ओढला, कारण बोट काठाला घासतेच. धरणाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत दोन्ही टांगल्या आणि बादली वर्कशॉपच्या मागे ठेवली. मे महिन्याच्या शेवटी तिने पट्ट्या बाहेर काढल्या. तांबं नसलेली जशीच्या तशी. लाल रंगाच्या पट्टीच्या ओरखड्याभोवती पांढरी भुकटी साचली होती; ती अंगठ्याने पुसली तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. एकात तिने तार घातली, ती अर्ध्या पत्र्यापर्यंत गेली.

पट्टी तिने भगवंतरावांसमोर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, खड्ड्यांवरून नख फिरवलं. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी ती आत टाकली.

"पाहतो मी," ते म्हणाले. "अध्यक्षांशी मी बोलतो. तू कोणाले काई सांगू नको."

दीपमालाने मान हलवली. जूनमध्ये तिने एकदा विचारलं, ते म्हणाले, पावसात बोटी काढता येत नाहीत. ऑगस्टमध्ये विचारलं, तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. संस्थेच्या अध्यक्षांचा नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता. दोनदा तिने तो काढला. पण ज्या माणसाने पत्र्याचे दोन तुकडे पुढ्यात ठेवून आपल्याला माणसात आणलं, त्याच्या पाठीमागे फोन कसा करायचा, हे तिला जमलं नाही. होईल काही महिने अजून, असं तिने स्वतःला सांगितलं.

ऑक्टोबरात, धरण काठोकाठ भरलेलं असताना, बाजाराच्या दिवशी, दीपमालाने पत्रा जोडलेल्या त्या बोटीत पाणी येऊ लागलं. चौदा माणसं होती. आधी पायाखालच्या फळ्या ओल्या झाल्या, मग वांग्यांची पोती. बंडूने बोट काठाकडे वळवून इंजिन पूर्ण वेगात सोडलं. सगळे वाचले. मात्र जड झालेली बोट धक्क्यावर आदळली तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या, पलीकडच्या वाडीतल्या पार्बताबाईंनी सावरायला हात बाहेर काढला होता. बोट आणि दगड यांच्यामध्ये तो सापडला. अकोल्याच्या दवाखान्यात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

आठवड्याने संस्थेच्या शेडमध्ये चौकशी झाली. बोट उलटी करून ठेवली होती. मागच्या बाजूला, दीपमालाने जोडलेल्या पत्र्याच्या कडेने, जिथे काठ सारखा घासे, तिथे रंग उडाला होता आणि बारीक भोकांची रांग होती. चौकशीला आलेल्या इंजिनियरने तिथे बोट ठेवलं. "हा सांधा कोणी मारला?"

भगवंतराव पुढे झाले. अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "पोरगी चांगली हाय साहेब. मीच शिकवली. पण जर्मनचं काम नाजूक रायते, हात चुकते कधी."

दीपमालाला वाटलं होतं ते गप्प राहतील. गप्प राहणं तिने धरून ठेवलं होतं. हे तिने धरलं नव्हतं.

"सांधा साबूत हाय," ती म्हणाली. "भोकं सांध्याच्या बाजूले हायेत. हे तांब्याच्या रंगानं झालं. मी पट्टी टांगून पाहिली होती. ती काकांच्या खणात हाय."

"कोणती पट्टी?" भगवंतराव म्हणाले.

इंजिनियरने मान वर केली. पण त्याच्या आधी बंडू बोलला. तो शेडच्या खांबाला टेकून उभा होता. "म्हणजे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"मी रोज चौदा-पंधरा माणसं नेऊन राहिलो होतो त्याच्यात," बंडू म्हणाला. "माही पोरगी शाळेत जाते त्याच बोटीनं. काहून नाई सांगतलं?"

त्यानंतर रंगाबद्दल कोणी काही विचारलं नाही, खण उघडून पाहिला नाही. अहवालात सदोष वेल्डिंग असं आलं. एका ओळीत तिचं नाव होतं.

अहवाल आला त्या संध्याकाळी तिने आपलं हेल्मेट आणि हातमोजे पिशवीत भरले. भगवंतराव खुर्चीवर बसले होते. "कुठी जातं?" त्यांनी विचारलं, रोज विचारत तसंच. ती पिशवी उचलून बाहेर पडली. आता ती अमरावतीला खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या दुकानात आहे. तिथे सगळं स्क्रूने जोडतात. टॉर्च लागत नाही.

डिसेंबरात ती पार्बताबाईंकडे गेली. पलीकडच्या वाडीत, अंगणात मेथीच्या जुड्या पडल्या होत्या आणि पार्बताबाई डाव्या हाताने सुतळी ओढून दातांनी गाठ मारत होत्या. सुनेने, आरतीने, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली. दीपमालाने सगळं सांगितलं. पट्टी, खण, दोनदा काढलेला नंबर. माफ करा म्हणाली.

पार्बताबाईंनी जुडी खाली ठेवली. "तू सांगतलं असतं तं आमी बोटीत बसलो नसतो, असं वाटते का तुले?"

दीपमालाने अंगणातल्या जुड्यांकडे पाहिलं.

"बसलोच असतो. दुसरा रस्ता कुठी हाय? पण मालूम असतं तं मी मांगं बसली नसती. मंधात बसली असती." त्यांनी दुसरी जुडी ओढली. "त्या बुढ्यानं तुह्यावर ढकललं, तो तुमचा झगडा हाय. त्याचं मले काई सांगू नको. आन हे माफीचं आता माह्या कामाचं नाई. जा, उशीर होईन."

"मी बांधू का जुड्या?"

"नको."

परतीच्या बोटीत ती एकटीच होती. बोट फायबरची, नवी. बंडू पुढे बघत चालवत राहिला. अलीकडच्या धक्क्याला लागल्यावर बोट डुलली, उतरताना आधाराला तिने हात पुढे केला. बंडूने तो पाहिला आणि वाकून दोरी बांधायला घेतली.