रश्श्यावरची चरबी

नेमेसियाच्या डोळ्यांदेखत इस्पितळातली ती पोरगी तिच्या नवऱ्याला चमच्याने भरवत होती. पाण्यात शिजवलेले ओट, ना तेल ना दूध. आणि वीस वर्षं बायकोच्या रश्श्याला नावं ठेवणारा सिप्रियान चमचा चाटत होता.

"दालिलाताई, आणखी एक."

ताई म्हणे! नेमेसियाच्या अंगाची लाहीलाही झाली.

पित्ताचा खडा अडकून त्याचं स्वादुपिंड सुजलं होतं. म्हातारे डॉक्टर उगार्ते म्हणत, उपाशी ठेवा. आहार बघणारी दालिला म्हणे, उपाशी ठेवलं तर खंगेल. थोडंथोडं, बिनचरबीचं द्यायचं. तिचं ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी माणूस उठून बसला. हेच नेमेसियाला सोसेना. त्यांच्या कोचाबांबा शहरात आजारी माणूस उठतो तो म्हाताऱ्या कोंबडीच्या रश्श्याने, आणि वर पिवळी चरबी तरंगत नसेल तर त्याला रस्सा कोण म्हणतो?

चौथ्या दिवशी तिने घोळदार झग्याच्या थरांत थर्मास दडवून आणला. रखवालदार पिशव्या तपासतो. बाईच्या झग्याला हात लावायची त्याची छाती नाही.

"पी. आता सांग, कोणाचं गोड लागतं?"

"तुझंच गं. पण दालिलाताईंना कळलं तर..."

"पुन्हा तिचं नाव काढ, थर्मास डोक्यात घालते."

तो सगळा प्यायला. संध्याकाळी पोट धरून गुरासारखा ओरडू लागला.

उगार्ते आले ते दालिलावरच घसरले. "सांगत होतो ना? आता याच्या तोंडाला काही लावायचं नाही. आणि तुम्ही या वॉर्डात दिसायचं नाही."

दालिला खाली मान घालून उभी राहिली. नेमेसियाला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. जिरली सटवीची. मग तिने खाटेकडे पाहिलं. गालफडं बसली होती त्याची. आपण गप्प राहिलो तर ही जाईल, आणि हा उपाशी मरेल.

"रस्सा मी पाजला," ती म्हणाली. "चरबीसकट. हिने काही केलेलं नाही. हिला ठेवा."

"राहू दे तर," असं पुटपुटत उगार्ते निघून गेले.

"का हो पाजलात, बाई?" दालिलाने विचारलं.

"तुझ्या हातनं खाताना हसत होता."

दालिलाने त्याची चादर सारखी केली. "दुखणं उतरलं की पुन्हा ओट. नाही उतरलं तर नाकातून नळी घालून, पण उपाशी नाही."

"चमचा मी धरणार."

"धरा."

"आणि तू तिकडे, दाराशी उभं राहायचं."