अकरा चोवीसची गाडी

मला भीती वाटते हे मी सहसा कबूल करत नाही. लॅबमध्ये माझ्या नावाने सगळे चळाचळा कापतात, आणि ते तसंच बरं आहे. पण त्या दिवशी सकाळपासून मीच घाबरले होते, कारण समोरच्या बशीत माझ्या धाकट्या बहिणीचं, ठमीचं, शेवटचं स्त्रीबीज होतं.

तिच्या कॅन्सरच्या उपचारांआधी आम्ही चार बीजं गोठवून ठेवली होती. दोन आधीच वाया गेली. तिसरं त्याच सकाळी बाहेर काढलं तेव्हाच गेलं. नवीन मिळायची वाट उपचारांनी बंद करून टाकली होती. दुसऱ्या कुणाकडून करून घे म्हटलं, तर बाईसाहेब हटून बसल्या. "ताई, तुझ्या हातून. नाहीतर नकोच."

काम म्हणजे एवढंच: मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक सुई बीजात टोचायची, आत एक शुक्राणू सोडायचा आणि अलगद बाहेर यायचं. सुई हलली की खेळ खलास. त्यात तीन आठवड्यांपासून आमच्या इमारतीखालून मेट्रोच्या चाचणीच्या गाड्या धावत होत्या. गाडी आली की पडद्यावर सगळंच थरथरायचं. मेट्रोचा इंजिनिअर यंत्र लावून बघून गेला.

"मॅडम, कंपनं मर्यादेत आहेत."

"कुणाच्या मर्यादेत? तुमच्या की माझ्या सुईच्या?"

तो बिचारा ओशाळला आणि वेळापत्रक देऊन गेला. दर बारा मिनिटांनी एक गाडी. ती गेली की मी कामाला बसायचे, पुढची यायच्या आत उठायचे.

त्या दिवशी अकरा चोवीसची गाडी आलीच नाही. अकरा छत्तीसचीही नाही. मी इंजिनिअरला फोन लावला.

"बोगद्यात थांबवलीय मॅडम. निघेल आता."

"आता म्हणजे कधी?"

"कधीही."

त्या 'कधीही'वर मी फोन ठेवला. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरबाई डोकावल्या. "अगं, बीज किती वेळ ताटकळत ठेवणार? बारा वाजतील!" त्यांना घड्याळातले म्हणायचे होते. मला भलतंच ऐकू आलं.

बसले. डावीकडच्या नळीने बीज धरून ठेवलं, उजवीकडून सुई आणली. डोळे पडद्यावर होते, पण सगळा जीव पायाच्या तळव्यांत. आली का? नाही. आता? सुई बीजाला टेकली. आत गेली. आणि मला वाटलं, आली!

माझा हात मागे गेला. बीज फुटलं. आतलं सगळं पसरत गेलं, आणि मी मेले मेले म्हणत नुसती बघत राहिले.

डावीकडची नळी जागची हलली नव्हती. गाडी आली असती तर तीही थरथरली असती.

मला रडू आलं नाही, भीती वाटली. ठमीची भीती! जन्मभर जिला दटावलं, तिच्यासमोर आता मला जायचं होतं. बाहेरच्या पॅसेजमध्ये येईपर्यंत मी मनात वाक्य घोकत होते: गाडीने घात केला गं, गाडीने घात केला. पटण्यासारखंच होतं. कोण विचारणार होतं?

ठमी बाकावर भिंतीला दोन्ही तळवे लावून बसली होती. मला पाहताच ताडकन उठली.

"ताई, आलीच नाही गाडी! तू आत गेल्यापासून हात काढला नाही मी भिंतीवरून. एवढीशीसुद्धा हलली नाही. सुटलो बाई!"

घोकलेलं वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला आणि हसायला लागली.

"अगं, अजून कापतोय तुझा हात! वेडी कुठली. झालं ना आता सगळं?"

"ठमे," मी म्हटलं, "बस जरा."