दुसऱ्या गिअरची कुरकुर

मेहलुलीचा गंजावर भारी राग. जोहान्सबर्गच्या त्याच्या गॅरेजात हौशी युरोपियन लोकांच्या जुन्या गाड्या नव्याकोऱ्या होऊन जहाजावर चढायच्या. एखाद्या गाडीत नखाएवढा गंज राहिला तरी तो कामगारांवर असा तुटून पडायचा की त्याचा भागीदार पेट्रोस म्हणायचा, "अरे, पत्रा गंजलाय, तुझी बायको नाही पळाली!"

गॅरेजातली ही जुनी प्यूजो ४०४ मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. मेहलुलीच्या बाबांनी वीस वर्षं ती ग्वांडा ते बुलावायो टॅक्सी म्हणून चालवली होती. मग ते वाईट वर्ष आलं. झिम्बाब्वेत पिशवीभर नोटांना एक पाव मिळेना. तेव्हा बाबांनी ती लिम्पोपो नदीपलीकडच्या एका माणसाला मक्याच्या पोत्यांवर देऊन टाकली. त्या मक्यावर घर जगलं. पुढे मेहलुलीही पोटासाठी नदी ओलांडून दक्षिण आफ्रिकेत आला, आणि बारा वर्षं दिसेल त्या ४०४चं बॉनेट उघडून आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर बघत राहिला. तो नंबर बाबांना तोंडपाठ, म्हणून यालाही. शेवटी पोलोक्वानेजवळच्या एका शेतावर गाडी सापडली. आत कोंबड्या नांदत होत्या.

दोन वर्षं खपून त्याने ती उभी केली. दुसऱ्या गिअरची कुरकुर तेवढी मुद्दाम ठेवली.

"एवढं केलंस, मग हे रडगाणं कशाला ठेवलंस?" पेट्रोसने विचारलं.

"बाबांना आता दिसत नाही. मग ते ओळखणार कशावरून?"

परवा बहिणीचा फोन आला. "दादा, डॉक्टरांनी बाबांना घरी न्या म्हणून सांगितलंय. दोन घास जात नाहीत. पण गाडी कुठवर आली ते रोज विचारतात. त्यात एकदा बसायचंय म्हणे. येतोयस ना?"

मेहलुलीने गाडीचे कागद गोळा केले आणि तो निघाला.

सरहद्दीवर, लिम्पोपोच्या पुलाअलीकडे ट्रकांची रांग ऊन खात उभी होती. गाड्या तपासणाऱ्या पोलीसबाई नेमाकोंडे घाम पुसत आल्या. गाडी बघून त्यांचा चेहरा खुलला.

"कुणाच्या लग्नाला निघाली ही नवरी?"

"बाबांकडे, ताई. त्यांचीच आहे. माहेरी चाललीय."

बाई हसल्या. बॉनेटखाली वाकून त्यांनी एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला. सगळे जुळले. शिक्का हातात घेतला, आणि सहज त्या पत्र्यावरून बोट फिरवलं.

"पन्नास वर्षांची गाडी, आणि हा पत्रा इतका गुळगुळीत?"

इथं एखादा मुखदुर्बळ माणूस वाचला असता की नाही, देव जाणे. पण कारागिराला कुणी कामाबद्दल विचारलं की त्याची जीभ थांबत नाही.

"बॅटरीच्या ॲसिडनं खाल्ला होता, ताई. पार चाळण झाली होती, आकडे कसेबसे वाचता यायचे. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. आकडेही मीच ठोकले, एकेक, हातानं. बघा, एका रेषेत आहेत की नाही!"

बाईंनी शिक्का परत खिशात टाकला. "जुना तुकडा कुठाय, भाऊ?"

"टाकला."

"अरे देवा. चोरीच्या गाड्यांना असेच तर नंबर ठोकतात. तुझी गाडी चोरीची नाही हे मी कशावरून म्हणू? तो तुकडा आण, मी साहेबांच्या पाया पडते. नाहीतर जप्त होईल आणि चेपून भंगारात जाईल. कायदा आहे, मी काय करू?"

त्यांनी दरडावलं असतं तर त्याला भांडता तरी आलं असतं. त्याने पेट्रोसला फोन लावला.

"तो तुकडा? भंगारवाला कधीच घेऊन गेला," पेट्रोस म्हणाला. "गंज दुकानात ठेवायचा नाही, असं तूच ओरडला होतास ना? का रे, काय झालं?"

मेहलुलीने फोन बंद केला. गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे असे तुकडे तो नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवायचा. ही तर घरचीच गाडी, हिचा पुरावा कोण मागणार, असं त्याला वाटलं होतं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

"तूच ने आत," बाई जप्तीच्या गाड्यांभोवतीच्या तारेच्या कुंपणाकडे बोट दाखवत हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी हात लावायला नको."

तो गाडीत बसला, तेवढ्यात फोन वाजला. बहिणीने बाबांच्या कानाला लावला होता.

"मेहलुली? चालू आहे का रे ती? ऐकव ना."

त्याने फोन मांडीवर ठेवला. कुंपणापर्यंत जेमतेम शंभर पावलं. त्याने पहिला गिअर टाकला, मग दुसरा. गाडी कुरकुरली.

पलीकडे बाबा हसले. तसं हसायला किती ताकद लागली असेल त्यांना.

"हीच. हीच रे ती! कुठवर पोचलास?"

"पुलाजवळ, बाबा."

"मग संध्याकाळपर्यंत येशील. तुझ्या बहिणीला कोंबडी कापायला सांगतो. आज मीही दोन घास खाईन, पण तू आल्यावर. तोवर जेवत नाही."

मेहलुलीने इंजिन बंद केलं. नेमाकोंडेबाई खिडकीशी आल्या आणि दुसरीकडे बघत त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"ऐकतोयस ना?" बाबा विचारत होते. "थांबू ना जेवायचा?"

"थांबा, बाबा," तो म्हणाला, आणि किल्ली त्याने बाईंच्या हातावर ठेवली.