थ्री फेजचं परीक्षण

"मराठी संगीत संपलं," हौसराव खताळ सरांनी जाहीर केलं, "आणि त्याच्या अंत्यक्षणाचा एकमेव साक्षीदार मी आहे."

हे त्यांनी शिरूरमधल्या आपल्या घराच्या ओट्यावर, शुक्रवारी सकाळी सव्वानऊला, समोर पसरलेल्या मेथीच्या जुडीला उद्देशून सांगितलं. आतून अनसाबाई म्हणाल्या, "व्हय का. मग देठं येगळी काढा."

सरांनी देठं वेगळी काढली. एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला माणूस बायकोपुढं फार ताणून धरत नाही. शिवाय त्यांना घाई होती. दुपारपर्यंत त्यांना रविवारच्या कार्यक्रमाचं परीक्षण लिहून संपवायचं होतं.

शुक्रवारी रविवारचं परीक्षण कसं लिहितात, असं परगावचा माणूस विचारील. शिरूरात कोणी विचारत नसे. सर ज्यात 'स्वरसाक्षी' हे सदर लिहीत, ते 'साप्ताहिक घोडतीर' शनिवारी दुपारी छापायला जाई आणि सोमवारी वाटलं जाई. कार्यक्रम होत ते शनिवारी संध्याकाळी, नाहीतर रविवारी. मग शुक्रवारशिवाय दिवस उरतो कुठला? शास्त्रीय गायनाच्या बाबतीत तर ही पद्धत बावीस वर्षं बिनबोभाट चालली होती. गायक आधी सावकाश गाणार, मग जलद गाणार, मधे पाणी पिणार आणि शेवटी भैरवी म्हणणार. तक्रार एकदाच आली होती, तीही गायकाची नव्हे, तबलजीची. तो त्या दिवशी आलाच नव्हता आणि सरांनी त्याच्या साथीला 'समंजस' म्हटलं होतं.

या वेळचा कार्यक्रम होता 'थ्री फेज' या रॉक बँडचा. दौंड तालुक्यातली तीन मुलं. एलिया उजागरे वरवंडला पाण्याच्या मोटारी रिवायंडिंग करून देई आणि गिटार वाजवी. त्याची बहीण लिडिया दौंडच्या एका दवाखान्यात नर्स होती. ती गाई आणि गाता गाता बेस गिटारही सांभाळी. तिसरा भांडगावचा बिरदेव कोळपे, ड्रमवाला. त्याच्या चुलत्याच्या गुऱ्हाळात ते सराव करत. शेतीची थ्री फेज लाईट आली की उसाचा चरक सुरू व्हायचा आणि चरक सुरू झाला की यांचा सराव. त्या घरघरीच्या वर आवाज काढायची सवय लागल्यामुळं बँड जोरकस झाला होता, आणि नाव काय ठेवायचं याचा प्रश्नही सुटला होता.

बँड चांगला होता, पण हे कबूल करायला कोणी मोकळं नव्हतं. पुण्याच्या जाणकारांनी एकदा ऐकून 'ग्रामीण' असा शेरा मारला. ग्रामीण जाणकारांनी न ऐकताच 'इंग्रजी' असा शेरा मारला. खताळ सरांनी मात्र त्यांची चार सविस्तर परीक्षणं लिहिली होती. 'कानांवरचा अत्याचार', 'रियाझाचा दुष्काळ', 'यंत्राच्या आडोशाला दडलेला बेसूरपणा', 'हा ढोल आहे की सूड?' अशी ती चार शीर्षकं. यातल्या एकाही कार्यक्रमाला सर गेले नव्हते. त्यांच्या मते तेवढ्यासाठी जायची गरज नव्हती.

पाचव्याचं शीर्षक सुचत होतं एवढ्यात संपादक गोकुळ मोटारसायकलवरून उतरला. गोकुळचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि साप्ताहिक त्याच दुकानाच्या माळ्यावर निघे.

"सर, थोडी अडचण झाली," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "छापखान्याचं मशीन बिघडलंय. अंक सोमवारी सकाळी छापून लगेच वाटायचा."

"मग त्यात अडचण कसली?"

"म्हंजी, या वेळी तुम्हाला ऐकून लिहिता येईल."

सरांनी मेथीचं आणखी एक देठ मोडलं. "गोकुळ, ऐकलं की मन कलुषित होतं. तटस्थपणा राहत नाही."

"ते हाय. पण पोरांचं काम अडलंय सर. पुण्यात मोठा महोत्सव हाय, नव्या बँडसाठी एकच जागा. अर्जाला पेपरचं कात्रण जोडायला लागतंय. मंगळवार शेवटचा. आन् त्यांच्यावर लिहिणारे उभ्या जिल्ह्यात तुम्ही एकटेच."

"मी लिहिलेलंच आहे की. चारदा."

"तेच तर अडलंय," गोकुळ म्हणाला.

तो गेल्यावर अनसाबाई मेथी उचलायला बाहेर आल्या. "रविवारी मिशनच्या कंपाउंडात कापणीचा सण हाय, पोरं तिथंच वाजवनार हायेत," त्या म्हणाल्या. "लिडियाच्या आईनं सांगितलंय, देवाला वाहिलेला भाजीपाला लिलावात निघतो. मला गावठी भोपळा घ्यायचाय. तुमी येनार असाल तर पिशवी धरायला या. न्हाईतर मी रिक्षानं जाते."

सर पिशवी धरायला गेले. शुक्रवारचं परीक्षण तयार असावं म्हणून घडी घालून त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं.

रविवारी चारच्या सुमारास उपासना झाली, लिलाव झाला. एका म्हाताऱ्या पंचानं आपलाच कोंबडा चढ्या बोलीनं परत विकत घेतला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनसाबाईंना भोपळा मिळाला. चर्चच्या पायऱ्यांवर थ्री फेजनं सामान मांडलं. सर दुसऱ्या रांगेत भोपळा मांडीवर घेऊन बसले आणि चेहरा त्यांनी तटस्थ केला.

पहिलं गाणं सुरू झालं तसं त्यांनी मनात टिपणं काढली. आवाज फार. कबूल. गिटार खरखरते. कबूल, पण ती खरखर विचित्र होती, विहिरीत उतरलेल्या माणसानं खालून हाक मारावी तशी. शेजारच्या बाईनं कौतुकानं माहिती पुरवली की गिटारमधली कॉइल एलियानं मोटारीच्या तांब्याच्या तारेची स्वतः गुंडाळलीय. सरांनी "असं का" म्हटलं. तेवढ्यात लिडियानं दुसरं गाणं धरलं:

"सेकंड शिफ्टची बस आली,
भाकर डब्यात निजून ऱ्हाली,
कोरेगावच्या फाट्यावरती
माझी सावली उभीच ऱ्हाली."

शेवटच्या 'ऱ्हाली'वर ती एकदम खाली उतरली, सावकाश, काठ धरून उतरावं तशी. सरांनी ती उतरण कानानं तपासली. एकतीस वर्षं त्यांनी पोरांना हीच उतरण शिकवायचा प्रयत्न केला होता. एकालाही जमली नव्हती. सरांना स्वतःलाही दर वेळी जमायची असं नाही.

"बरी गाते," अनसाबाई म्हणाल्या.

"माइकची करामत आहे," सर म्हणाले.

आणि लाईट गेली.

गिटार गप्प झाली, माइक गप्प झाला, मंडपातला पंखा दोन गिरक्या खाऊन थांबला. सरांच्या खिशात 'यंत्राच्या आडोशाला' याच धाटणीची तीन वाक्यं घडी घालून ठेवलेली होती. आता ती सिद्ध होणार होती. ते किंचित पुढं सरकून बसले.

लिडिया थांबली नाही. कोणी दिवा घेऊन गेलं तरी माणूस जेवायचा थांबत नाही, तसं तिनं गाणं पुढं चालू ठेवलं. एलियानं गिटार खाली ठेवली, चर्चमधली पेटी उचलून पायरीवर आणली आणि तिचा सूर पकडला. सरांनी तो सूर मनातल्या मनात तपासला. ती जिथं होती तिथंच होती, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. पेटीच थोडी उतरलेली होती.

मग बिरदेव ड्रममागून उठला. त्यानं धनगरी गजी नृत्याचा मोठा ढोल गळ्यात अडकवला आणि उजव्या हातातल्या काठीनं पहिला ठोका दिला.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी सरांनी 'स्वरसाक्षी'च्या बावीस वर्षांत कधी लिहिली नव्हती. सरांचे वडील मेंढरं राखत. बिरोबाच्या जत्रेत गजी नाचाला हाच ढोल ते वाजवत आणि लहानगा हौसराव रुमाल उडवत नाचे. पुढं शिक्षण झालं, पेटी आली, तानपुरा आला, आणि वडिलांचा ढोल माळ्यावर गेला. त्याच्यावर आता अनसाबाई कांदे वाळवत.

सरांचा उजवा पाय हलला. त्यांनी त्याच्याकडं कडक नजरेनं पाहिलं. वर्गातली पोरं या नजरेनं थांबत, पाय थांबला नाही. उलट डावा त्याला जाऊन मिळाला. बिरदेव चालीत बदल करी तिथं पाय आधीच बदलत. ती चाल गुऱ्हाळातल्या चरकाची होती आणि तिच्या पोटात वडिलांची चाल होती, आणि दोन्हींच्या वर लिडियाचं 'ऱ्हाली' निवांत उभं होतं. मांडीवरचा भोपळा उड्या मारायला लागला.

अनसाबाईंनी शांतपणे भोपळा काढून घेतला. "नाचा," त्या म्हणाल्या. "कुनी बगत न्हाई."

सगळे बघत होते. सर उठले नाहीत, पण बसलेही होते असं म्हणता येणार नाही.

लाईट आली तेव्हा कार्यक्रम संपत आला होता. लोक चहाकडं वळले. सरांनी खिशातलं परीक्षण काढलं, त्याचे चार तुकडे केले आणि भोपळ्याच्या पिशवीत टाकले, कारण कंपाउंडात कचरा करू नये असा फलक होता. मग चिंचेखालच्या बाकावर बसून त्यांनी वहीत लिहायला सुरुवात केली. अर्धा तास ते लिहीत होते. अनसाबाईंनी दोनदा चहा आणून दिला आणि दोनदा थंड झालेला स्वतः प्यायल्या.

त्यांना ठाऊक होतं, हे छापलं की काय होईल. सोमवारी अख्खं शिरूर वाचील की 'स्वरसाक्षी' बावीस वर्षांत किती वेळा साक्षीला हजर होते. तबलजी पुन्हा फोन करील. पण मंगळवार शेवटचा दिवस होता आणि जिल्ह्यात दुसरं कोणी लिहिणारं नव्हतं.

बँडची मंडळी टेम्पोत सामान भरत होती. सर तिथं गेले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जरा ऐका. उद्याचं परीक्षण आहे."

एलियानं गिटारची पेटी खाली ठेवली. बिरदेव वायर गुंडाळत होता, तो थांबला. सरांनी वाचलं:

"'आजवर या सदरात थ्री फेजविषयी चार लेख आले. ते चारही मी कार्यक्रम न ऐकता लिहिले. आज ऐकला. बेसूरपणा यंत्रात नव्हता, तो माझ्या लेखणीत होता. या गायिकेला सूर सापडलेला आहे, या गिटारला पाण्याची ओढ आहे, आणि या ढोलानं एका म्हाताऱ्याला त्याच्या बापाजवळ नेऊन बसवलं. पुण्याच्या रसिकांनी यांना ऐकावं. न ऐकता बोलण्याचा मान फक्त माझा होता आणि तो मी आज परत करतो.'"

बिरदेवनं वायरचं वेटोळं छातीशी धरलं होतं.

"लई भारी लिव्हलंय सर," तो म्हणाला.

"मंगळवारच्या आत कात्रण तुमच्या हातात पडेल," सर म्हणाले. "गोकुळला मी आत्ताच गाठतो."

एलियानं मान खाजवली आणि बहिणीकडं पाहिलं. लिडियानं दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तो आवाज काढला.

"सर, बसता का जरा?"

सर टेम्पोच्या फाळक्यावर बसले.

"अर्ज आम्ही गुरुवारीच पाठवला," ती म्हणाली. "गोकुळदादाला सांगायचं राहिलं. कात्रण तुमचंच जोडलं, वरवंडच्या कार्यक्रमाचं. 'हा ढोल आहे की सूड?' ते."

"वरवंडचं," सर म्हणाले.

"त्या दिवशी गावात मयत झाली होती सर, आम्ही वाजवलंच न्हाई. पण तुम्ही लिहिलं होतं की श्रोते उठून रानात पळाले. ते पुण्याच्या लोकांना फार आवडलं. आज सकाळी फोन आला. म्हणाले, मंगळवारची वाट बघत न्हाई, जागा तुमची. म्हणाले, इतकं तळमळून वाईट आमच्याकडं कोणी लिहीतच न्हाई, असला बँड ऐकलाच पाहिजे."

"पोस्टरवर टाकत्यात," बिरदेव म्हणाला. "मोठ्या अक्षरात. खाली तुमचं नाव."

सरांनी वही मिटली, मग उघडली, मग पुन्हा मिटली. अनसाबाई भोपळा कडेवर घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते.

"म्हणजे हे..." सरांनी वहीवर हात ठेवला.

"हे फार चांगलं हाय सर, खरंच," लिडिया म्हणाली. "हे आम्ही जपून ठेवू. आईला वाचून दाखवू. फक्त पुण्याचं होईस्तोवर छापू नका." ती जरा घुटमळली. "आन् उद्याच्या अंकात जागा असंल, तर नेहमीसारखं वाईट लिहाल का? पोस्टरला अजून एक वाक्य कमी पडतंय. चार ओळी केल्या तरी चालतील."