माझ्यावरची शाळा

मित्रांनो, मी एक जुने ओक लाकडाचे टेबल आहे आणि मी चिकट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी माझ्यावर कोपर टेकवून नाक मुरडायला नको. चिकटपणा हा माझा मूळ स्वभाव नव्हे. तो डिंकाचा आहे, मधाचा आहे आणि गेल्या नाताळात चमचमत्या पुठ्ठ्याचे देवदूत बनवताना जे काही सांडले त्याचा आहे. ते देवदूत केव्हाच कचऱ्यात गेले. चमचम अजून माझ्या फटींत आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगराळ भागातला. ऑर्विल नावाच्या सुताराने मला गावातल्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, तळघरासाठी घडवले. रविवारची उपासना संपली की मंडळी आपापल्या घरून आणलेले पदार्थ माझ्यावर मांडत आणि सगळे मिळून जेवत. जेवण झाले की ओली पातेली, सांडलेला रस्सा तसाच टाकून गप्पा मारायला निघून जात. ऑर्विलला ते खपत नसे. माझ्या कडेवर एक ठळक सूचना कोरावी असे त्याच्या मनात होते. चॅपलचे वडीलधारे म्हणाले, देवाच्या घरात असले काही लिहायचे नाही. ऑर्विल पक्का हट्टी होता. त्याने मला उलटे पाडले आणि तापल्या सळईने ती सूचना, शेवटच्या टोमण्यासकट, माझ्या पोटावर डागली.

आता तुम्हीच सांगा, टेबलाच्या पोटावरची सूचना कोण वाचणार? माझ्याबद्दल जगात एकच वाक्य लिहिले गेले आणि तेही अशा जागी. माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

पुढे चॅपलमध्ये घडीची प्लास्टिकची टेबले आली. तेव्हा चॅपलला येणाऱ्या कोरिनचे नुकतेच लग्न झाले होते. तिने तिथल्या धर्मगुरूंना, पास्टरना, विचारले, "हे जुनं मी घरी नेऊ का?" पास्टर म्हणाले, "ने बाई, तेवढीच जागा मोकळी होईल." इतकी वर्षे मंडळींना जेवू घातले, त्याचा निरोप समारंभ हा एवढाच.

कोरिनचा नवरा वेड. तो घरोघरी गॅस पोचवणारा ट्रक चालवतो आणि बोलतो कमी. मुले झाली तेव्हा कोरिनने ठरवले की ती गावातल्या शाळेत जाणार नाहीत. "देवाने लेकरं माझ्या पदरात घातलीत, तर शिकवणार पण मीच," असे ती म्हणाली. निर्णय तिचा होता, पण शाळा भरली माझ्या पाठीवर. सकाळी प्रार्थना आणि शास्त्रपाठ, मग गणित, मग वाचन, आणि मध्येच कोणाचे तरी दूध सांडणे. एकदा तर जीवशास्त्राच्या नावाखाली घुबडाने ओकलेले गोळे माझ्यावर फोडून त्यातली उंदराची हाडे वेचली. ती हाडे बाजूला सारून संध्याकाळी त्याच जागी सूप वाढले. मला कोणी विचारलेही नाही.

कोरिनला कामाचा कंटाळा नाही, हे मी कबूल करतो. ती गहू घरीच दळते आणि आंबवलेल्या पिठाचा पाव भाजते. जुन्या पुस्तकांचा बाजार लागला की तिथून खोकी भरून आणते आणि ती माझ्यावर रचते. सकाळची कॉफी ती दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा गरम करते आणि शेवटी थंडच पिते. फोनवर दुसऱ्या अशाच आयांचे फोटो बघते. त्या फोटोंतली टेबले लख्ख असतात, वर फुलदाणी असते. ती बघून कोरिन उसासा टाकते. उसासा खरे तर मी टाकायला हवा.

बाहेरही तिला सुख नाही. दुकानात गल्ल्यावरची बाई दर वेळी मुलांना विचारते, "काय रे, आज शाळेला सुट्टी?" कोरिन हसून उत्तर देते, घरी येऊन पिशव्या माझ्यावर आदळते, मग कपाळ माझ्यावर टेकवून म्हणते, "प्रभू, मला धीर दे. आणि लवकर दे, जूडने डायपर काढून टाकलाय." जूड म्हणजे धाकटा, अजून बोलतही नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ती तिर्झाची आहे. तिर्झा भावंडांतली चौथी, आठ वर्षांची.

कोरिनची एक पद्धत आहे. माझ्या एका टोकाला ती पीठ मळते आणि दुसऱ्या टोकाला बसून एकेक मूल तिला मोठ्याने वाचून दाखवते. हात पिठात, कान मुलाकडे. पुस्तकेही तीच. थोरल्या एझ्राने वाचलेली हॅनाने वाचली, हॅनाने वाचलेली सायलसने, आणि कोपरे कुरतडलेली, डिंकाने माखलेली ती पुस्तके शेवटी तिर्झाकडे आली. जुने कपडे धाकट्याला घालावेत तसे. यात चुकले काय, तर एकच. ही तिन्ही भावंडे वाचत असताना तिर्झा माझ्याखाली बसलेली असायची. ते तिचे घर होते. एक बाहुली, एक रिकामा डबा आणि ती. वरून शब्द पडायचे आणि ती ते ऐकायची. सगळी पुस्तके तिला पाठ झाली, अगदी सायलस कुठे अडखळायचा त्या जागेसकट.

तिची वाचायची वेळ आली तेव्हा ती पुस्तक उघडून घडाघडा म्हणायला लागली. कोरिनचा ऊर भरून आला. चर्चमध्ये ती सगळ्यांना सांगायची, "हिला मला शिकवावंच लागलं नाही. आपोआप यायला लागलं."

मित्रांनो, मला ठाऊक होते. माझ्या कडेला एक खिळ्याचे भोक आहे. वाचणारे मूल दोन्ही हातांनी पुस्तक दाबून धरते. तिर्झाचा एक हात मात्र पुस्तकाखालून त्या भोकाशी यायचा आणि नखाने ते कोरत राहायचा. डोळे खिडकीबाहेर. पान उलटायची तेही अंदाजाने. कोरिन कणकेला गुद्दे घालत म्हणायची, "छान, पुढे." मी आतल्या आत तडफडायचो. अगं बाई, मान वळव, एकदा बघ तिच्याकडे.

वेडची आई लॉर्ना गावातल्या शाळेत आयुष्यभर शिक्षिका होती. सुनेची ही घरातली शाळा तिला कधीच पटली नाही. त्या मार्चमध्ये वेड एका संध्याकाळी टोपी हातात फिरवत म्हणाला, "कोरिन, आई म्हणते, पोरांना ऑगस्टपासून शाळेत घाला."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तिला एकदा ऐकू दे. पोरांना नीट येत असेल तर ती पुन्हा विषय काढणार नाही. नसेल येत, तर मग मलाही विचार करावा लागेल."

"ऐकू दे की. तिर्झा वाचेल."

"एझ्रा नको? तो मोठा आहे."

"मोठा वाचतो त्यात काय नवल? तिर्झाने वाचलं की आईंचं तोंड कायमचं बंद."

मी कुरकुरलो. खरेच सांगतो, होता नव्हता तेवढा जोर लावून कुरकुरलो. कोरिनने माझ्या पायाखाली कागदाची घडी सरकवली.

रविवारी चर्चहून सगळे घरी आले. या घरात रविवार प्रभूचा दिवस. पीठ मळायचे नाही, भांडी घासायची नाहीत. मांस आदल्या दिवशीच शिजवून ठेवलेले आणि ताटल्या कागदाच्या. जेवण झाले आणि लॉर्ना चष्मा पुसत म्हणाली, "हं, तिर्झा, काय वाचणार आहेस?"

तिर्झाने चॅपलच्या छपरावर चढलेल्या बकरीची गोष्ट काढली. कोरिन तिच्या शेजारी बसली. रविवार असल्यामुळे तिच्या हातात पीठ नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा ती वाचणाऱ्या तिर्झाच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसली होती.

सुरुवात झकास झाली. बकरी छपरावर चढली, पास्टरनी टोपी हलवली. तिर्झाने पान उलटले. हॅनाच्या वेळचा डिंक मध्ये होता, त्यामुळे दोन पाने एकदम उलटली. समोरच्या चित्रात बकरी गोठ्यात गवतावर झोपली होती. तिर्झा म्हणाली, "सगळ्यांनी मिळून लांब शिडी आणली. पण बकरी काही खाली उतरेना."

लॉर्नाने चष्मा खाली केला. "शिडी कुठेय, बाळ?"

तिर्झाने पुस्तकात बघितले. मग पुढचे वाक्य म्हटले, जरा हळू. मग आणखी एक, त्याहून हळू. तिचे नख माझ्या भोकात रुतले. कोरिनची नजर चित्रावर होती, तिथून ती तिर्झाच्या हातावर आली आणि तिथेच थांबली. तिर्झा खुर्चीवरून सरकली आणि माझ्याखाली गेली.

"वेड," लॉर्ना म्हणाली, "मी इतके दिवस काय सांगत होते?"

"आई, कॉफी घे."

"कॉफी नको मला. पोरगी आठ वर्षांची आहे."

कोरिन उठली नाही, रडली नाही. ती रविवारच्या स्कर्टसकट गुडघ्यांवर आली आणि रांगत माझ्याखाली शिरली. तिचे डोके माझ्या पोटाला लागले.

"कधीपासून येत नाही तुला वाचता?"

"कधीच येत नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाहीस गं?"

"आधी मला वाटायचं, वाचणं म्हणजे हेच. नंतर कळलं." तिर्झाने नाक ओढले. "पण तोवर तू सगळ्यांना सांगून बसली होतीस, ममा. मी सगळ्यात हुशार म्हणून."

कोरिनने तिला जवळ ओढून घेतले.

वरून लॉर्नाचा आवाज आला, "ऑगस्टमध्ये शाळा उघडते, कोरिन."

"ऑगस्टला अजून वेळ आहे, आई. आत्ता मला इथे बसू द्या."

दोन दिवसांनी सकाळी लॉर्ना पुन्हा दारात उभी राहिली. पर्स माझ्यावर ठेवली, बाह्या वर केल्या.

कोरिनने ओठ आवळले. "शिकवायला आलात?"

"नाही. मी शिकवायला बसले तर आपलं भांडण होईल. पीठ कुठे आहे?"

"तुम्हाला मळता येतं?"

"पीठच आहे ना ते?"

येत नव्हते. ती माझ्यावर कणीक अशी आपटायची की माझे चारही पाय हलायचे. त्या दिवशीचा पाव एझ्राने ताटलीवर वाजवून बघितला. "ग्रॅनी, याने खिळा ठोकता येईल."

"आधी खा, मग ठोक."

पण कोरिनचे हात मोकळे झाले. जुनी पुस्तके तिने खोक्यात भरली आणि तिर्झाने कधीच न ऐकलेले शब्द कागदावर मांडले. एकेक अक्षर, एकेक आवाज. सोपे नव्हते. तिर्झा रडायची. कोरिनही चिडायची. एकदा तिने माझ्यावर तळहात आपटला, "आत्ता तर सांगितलं हे अक्षर," म्हणाली आणि ओसरीवर निघून गेली. तिर्झाने डोळे पुसत विचारले, "ग्रॅनी, ममा माझ्यावर चिडली?"

"तुझ्यावर नाही."

"मग कोणावर?"

"ते तिलाच विचार. मी पीठ मळायला आलेय."

असा वसंत गेला. भोकाशी येणारा हात कमी झाला, पण गेला नाही. मग मेमधल्या एका सकाळी तिर्झाची पेन्सिल खाली पडली. ती घ्यायला वाकली आणि वर आलीच नाही. बऱ्याच वेळाने माझ्याखालून आवाज आला, तुटक तुटक.

"वा... प... रू... न. वापरून. झा... ल्या... वर."

कोरिन दमलेल्या आवाजात म्हणाली, "कुठल्या पुस्तकातलं म्हणतेयस? ते खोकं उघडलंस का परत?"

"पुस्तकातलं नाही, ममा. टेबलाला लिहिलंय."

कोरिन खाली बसली. लॉर्नाही माझी कड धरून, गुडघ्यांना दोष देत वाकली. माझ्या पोटावरचे ते वाक्य या घरात कधीच कोणी मोठ्याने वाचले नव्हते. एझ्राने नाही, हॅनाने नाही, कोणीच नाही. ते पाठ असणे शक्यच नव्हते. तिर्झा उताणी पडून, दोन्ही हात माझ्या लाकडाला टेकवून, एकेका अक्षरावर बोट ठेवत होती.

"पु... सू... न. पुसून. ठे... वा." मग ती थांबली, आणि शेवटचा शब्द जुळवताना तिला हसू फुटले. "आळशांनो."

लॉर्नाने वाकल्या वाकल्याच तिर्झाच्या पायावर थोपटले. मग म्हणाली, "मला कोणीतरी उठवा. ऑगस्टचं बोलू नंतर."

कोरिनने ओले फडके आणले. रडत रडत तिने मला पुसले, कडेपासून कडेपर्यंत, फटींतली चमचमही टोकदार काडीने काढली. ऑगस्टचे काय ते अजून ठरलेले नाही. पण मित्रांनो, एक विनंती आहे. मूल वाचून दाखवत असेल तेव्हा नुसते ऐकू नका. हातातले पीठ बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे बघा. टेबलांना सगळे दिसते, पण टेबलांना तोंड नसते.

मी लख्ख झालो होतो. ते सुख संध्याकाळपर्यंत टिकले. जेवताना जूडने मधाची बरणी आडवी केली आणि सगळे आपापल्या ताटलीकडे बघत बसले, दुसरे कोणीतरी उठेल म्हणून. तेव्हा तिर्झा खुर्चीवरून उतरली, माझ्याखाली गेली आणि तिथून तिने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता, सगळ्यांना वाचून दाखवले.