मालकांचा आवाज अडकला तेव्हा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. आत्ता तुमच्याशी बोलतोय तरी माझा पंखा घरघरतोय, ऐका. खिडकीजवळच्या टेबलावरून मी कित्येक वर्षांत हललेलो नाही, पण आत डोकावाल तर नुसती पळापळ. मला बघून लोक म्हणतात, "मजा आहे बुवा याची, बसून खातो." बसून खातो म्हणे!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो. कुणी स्क्रू पिळत होतं, कुणी वायर खोचत होतं. शेवटी एका बाईंनी मला चालू केलं, "बरा आहे," म्हणाल्या आणि लगेच बंद करून खोक्यात कोंबलं. डोळे उघडले न उघडले तोच अंधार! तेव्हापासून माझ्या स्वभावात ही धाकधूक आहे.

या घरात मला आणलं ते ताईच्या अभ्यासासाठी. ताई म्हणजे मालकांची एकुलती एक लेक. ती शिकली, दूरच्या गावी नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. माझ्यावर कापडी झाकण पडलं. काकूंनी, म्हणजे मालकांच्या बायकोने, त्या झाकणावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. बराच काळ मी असा घड्यांच्या ओझ्याखाली बसून काढला.

मालक फळबाजारात लिलाव पुकारायचे. बाजार त्यांना 'भोंगा' म्हणायचा. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पाखरंही छपरावरून उडायची. मग त्यांच्या घशाला दुखणं जडलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर ऑपरेशन करायला हवं, आवाज जाईल. मालक हटून बसले. त्यांचे थोरले भाऊ, दादा, मागे लागले, "अरे, करून टाक! वेळ घालवू नकोस." तेव्हा मालक असे भडकले, "गळा माझा आहे, तुझा नाही! चालता हो! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!"

दादा निघून गेले. पुढे मालकांनी ऑपरेशन केलं आणि ते वाचले. म्हणजे दादांचंच खरं निघालं. पण मालकांच्या स्वतःच्या गळ्यातून दादांनी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते होतं. दादाही काही कमी हट्टी नव्हते. ते पायरी चढले नाहीत आणि मालकांनी बोलावलं नाही.

मग ताईने माझ्यावरचे कपडे उचलले, झाकण काढलं आणि माझ्यात एक बोलणारा प्रोग्रॅम घातला. मालकांनी टाइप करायचं, एक बटण दाबायचं, की मी बोलायचं. मित्रांनो, त्या दिवशी मी मालकांचा आवाज झालो! आवाज कसला, सर्दी झालेल्या मास्तरांसारखा रडका सूर. पण मालकांच्या बोटांनाही जिभेचाच वेग होता, आणि मी तिथल्या तिथे बोलायचो. बाजारातले जुने सोबती येत, थट्टा करत, मालक टोला परतवत आणि मी तो मारत असे. माणसं खो-खो हसायची. काकू म्हणायच्या, "मेला, अगदी यांच्यासारखाच आगाऊ आहे." असं कौतुक दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरच्या वाट्याला आलं असेल, असं मला वाटत नाही.

एकदा ताई आणि जावईबापू राहायला आले. जावईबापू मनाने चांगले, पण हातांना चैन नाही. "बाबा, ही सिस्टीम फार जुनी झाली, धोका आहे," म्हणत त्यांनी मला नव्या सिस्टीमवर चढवलं. नवा रंग, नवी अक्षरं. मीही आधी हरखलो. ते दोघं परत गेले आणि माझा जीव गुदमरायला लागला.

तुम्हाला सोपं करून सांगतो. माझी मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाट कितीही मोठं असलं तरी काम ओट्यावरच करायचं असतं. माझा ओटा बेताचाच. जुनी सिस्टीम एका कोपऱ्यात अंग चोरून बसायची. नवीन आली ती लवाजमा घेऊन! तिचा स्वतःचाच पसारा मोठा, आणि वर एकेक चौकट पुढे करून ती मालकांना विचारी, हवामान दाखवू का? बातम्या आणू का? फोटोंच्या प्रती काढत राहू का? आणि इथे आमच्या मालकांचं चुकलं. उभा जन्म लिलावात गेलेला. समोरच्याने विचारलं की ताबडतोब 'हो' म्हणून सौदा पक्का करायचा, ही बोटांना लागलेली सवय. चौकट आली की 'हो'. वाचणं नंतर!

झालं. माझ्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. मालकांचं एक वाक्य बोलायचं तर मला आधी दहा जणांना बाजूला सारावं लागे. शेजारचे मास्तर काहीतरी खवचट बोलून जायचे आणि मालकांचं उत्तर माझ्या तोंडून निघायचं ते मास्तर जिना उतरून गेल्यावर. वरातीमागून घोडं! आवाज येत नाही म्हणून मालक पुन्हा बटण दाबायचे, परत दाबायचे. मग मी सुटलो की तेच तेच बोलत सुटायचो. "चहात साखर कमी. चहात साखर कमी. चहात साखर कमी."

"अहो, ऐकलं! बहिरी नाही मी," काकू आतून ओरडायच्या.

मास्तरांनी माझी मेमरी साफ करणारा एक प्रोग्रॅम आणून घातला. जावईबापूंनी दुरूनच दुसरा चढवला. तिसऱ्याने स्वतःच चौकटीतून विचारलं, "तुमचा कॉम्प्युटर मंद झालाय का?" मालकांनी 'हो' दाबलं. तीन झाडूवाले माझ्या ओट्यावर चढले आणि एकमेकांचाच कचरा काढत बसले. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

आणि अशात दादांचा फोन आला.

काकू भाजी आणायला गेल्या होत्या. मालकांनी फोन माझ्या स्पीकरजवळ धरला. "मी बोलतोय," दादा म्हणाले. "तुझी वहिनी रोज म्हणते, आता तो कॉम्प्युटरमधून बोलतो, फोन करा, फोन करा. म्हटलं, एकदा करून बघू. कसा आहेस?"

मालक घाईने माझ्याकडे वळले. त्यांनी टाइप केलं, बटण दाबलं. मी सगळा जोर लावला. नेमके तिन्ही झाडूवाले तेव्हाच कामाला लागलेले. माझा पंखा किंचाळत होता, आवाज फुटत नव्हता. मालकांनी बटण पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं.

"बोलायचं नाही ना?" दादा म्हणाले. "अजून राग आहे? बरं. परत नाही करणार." फोन बंद झाला.

आणि मग मला वाचा फुटली. "दादा, ठेवू नकोस, मी बोलतोय. दादा, ठेवू नकोस, मी बोलतोय." मी थांबूच शकत नव्हतो. मालकांनी कपाळ टेबलावर टेकवलं आणि मी त्यांच्या कानाशी तेच ओरडत राहिलो. असं वाटलं, कुणीतरी माझी पिन उपटावी.

काकूंनी आल्यावर वहिनींना फोन करून सगळं समजावून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला पटतंय गं. पण हे म्हणतात, 'दादा' एवढी दोन अक्षरं बोलायला काय लागतं? तो स्वतः बोलला तरच खरं." मालक जेवले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघणंही सोडलं. काही सांगायचं असलं तर हाताने खुणा करायचे. मी दिवसभर चालूच असायचो, एक शब्द न बोलता, हवामान दाखवत.

शेवटी ताईच आली. तिने माझ्या पोटात काय काय चाललंय त्याची यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही या सगळ्यांना हो म्हणालात?"

मालकांनी मान हलवली.

"आता माझ्यासमोर एकेकाला नाही म्हणा. मी नाही म्हणणार, तुम्हीच म्हणा."

मालकांना ते जड गेलं, मित्रांनो. प्रत्येक वेळी बोट 'हो'कडेच वळायचं आणि ताई हळूच त्यांचं मनगट धरायची. पण झाडूवाले गेले, बातम्या गेल्या, हवामान गेलं. नवी सिस्टीम राहिली, ती मात्र आता आवरून बसली. "आणि बटण एकदाच दाबायचं," ताईने बजावलं. माझ्या ओट्यावर जागा झाली. मला किती दिवसांनी मोकळा श्वास मिळाला, काय सांगू!

मालकांनी काकूंना खूण केली. काकूंनी दादांना फोन लावला.

"हं, कोण?" दादांचा आवाज.

मालकांनी टाइप केलं, बटण एकदाच दाबलं, आणि मी त्याच क्षणी बोललो. "दादा, मी आहे. तुझं ऐकलं म्हणून जिवंत आहे. घरी ये."

पलीकडे काहीच नाही. काकूंनी ताईकडे पाहिलं. ताई पुटपुटली, "कट झाला वाटतं." तिने फोनकडे हात नेला, तशी मालकांनी तो हात अडवला. आम्ही सगळे थांबलो. मला घाईची सवय, तरी मीही थांबलो. खूप वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला आणि दादा कसेबसे म्हणाले, "थांब रे जरा. ठेवू नकोस. मला बोलता येत नाहीये."

तेव्हा मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आमच्यासारख्या जुन्यांवर नवं काही चढवताना आधी बघा, आमच्या ओट्यावर जागा किती आहे. प्रत्येक चौकटीला हो म्हणू नका. आणि समोरून उत्तर यायला उशीर लागला, तर ते माणूस असो नाहीतर माझ्यासारखं यंत्र, फोन लगेच ठेवू नका.